सोलरच्या लाईनमध्ये रात्री टकटक, घुरघुर आणि धप्प : पंप बदलण्याआधी बाथरूमचा मिक्सर तपासा

कोल्हापूरच्या आर. के. नगरमधून एका ताईंनी विचारलंय. दुमजली बंगला, गच्चीवर २०० लिटरचा ट्यूबवाला सोलर, त्याच्यापेक्षा उंच स्टँडवर पाण्याची टाकी. वरच्या बाथरूममध्ये शॉवरला जोर यावा म्हणून मागं कधीतरी गार पाण्याच्या लाईनवर प्रेशर पंप बसवला, सोबत २४ लिटरची लाल प्रेशर टाकी. गीझर सोलरच्याच गरम लाईनवर जोडलेला आहे. तक्रार अशी की रात्री साडेदहा-अकराच्या सुमाराला भिंतीतून अर्धा तास टक... टक... असा आवाज येतो. पुढं रात्रभर, घरात कुणी नळ सोडलेला नसताना, साधारण वीस-वीस मिनिटांनी पंप चालू होतो, थोडा वेळ घुरघुरतो आणि बंद होताना धप्पकन दणका बसतो. पंप सासऱ्यांच्या खोलीच्या बरोबर वर आहे, त्यामुळं त्यांना झोप नाही. शेवटी ताईंनी सहज एक ओळ लिहिलीय : 'हल्ली पहाटे सोलरचं पाणी कोमटच येतं, थंडीमुळं असेल.' तीन प्लंबर बघून गेले. एक म्हणाला पंप बदला, दुसरा म्हणाला सोलर संपलाय, तिसरा म्हणाला पाईपात हवा आहे.

ताई, ती शेवटची ओळ तुम्ही लिहिलीत हे फार बरं केलंत. माझं सगळं उत्तर तिच्यावरच उभं आहे. पंप घेऊ नका, सोलरही बदलू नका. पंपाच्या जोरानं गार पाणी तुमच्या एखाद्या मिक्सरमधून, म्हणजे गार-गरम एकत्र करणाऱ्या नळातून, गरम लाईनमध्ये शिरतंय आणि रात्रभर सोलरच्या टाकीत ढकललं जातंय, असा माझा अंदाज आहे. घुरघुर त्याच्यामुळं, पहाटेचं कोमट पाणी त्याच्यामुळं, आणि टकटकही निम्मी त्याच्यामुळंच. धप्प हा वेगळा दोष आहे, पण पंप रात्री उगाच चालला नसता तर तो तुम्हाला कळलाही नसता.

इंटरनेटवर शोधलं तर 'रेडिएटरमधली हवा काढा' असंच सगळीकडं सापडतं, ते आमच्याकडं कसं करायचं, असंही तुम्ही विचारलंय. ते सगळं थंड मुलखातल्या घरांसाठी आहे. तिथं बॉयलरमध्ये तापलेलं पाणी पंपानं खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरमधून फिरवतात आणि तेच पाणी परत बॉयलरमध्ये येतं. बंद चक्कर असते, वर्षानुवर्षं तेच पाणी. त्यात हवा साठली की रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात अडकते आणि गुळगुळ आवाज येतो. छोट्या किल्लीनं स्क्रू सैल करून ती काढतात. आपल्याकडं पाणी रोज नवीन येतं, वापरलं की गटारात जातं, आणि सोलरची टाकी व्हेंट पाईपनं वर उघडी असते. तुमच्या लाईनमध्ये हवा असती तर सकाळी पहिल्यांदा गरम नळ सोडल्यावर फसफस करत, तुटक-तुटक पाणी आलं असतं. तसं होत असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून तिसऱ्या प्लंबरचं निदान मी सध्या बाजूला ठेवतो. एक गोष्ट मात्र तिकडची आणि इकडची सारखी आहे. रात्री गरम पाईप निवताना आकसतो आणि टकटक वाजतो. त्याकडं नंतर येतो.

आधी हिशेब करू, कारण त्यानंच शंका फिटते. तुमच्यासारख्या पंपाचा प्रेशर स्विच साधारण दीड बारला (बार हे दाबाचं माप) पंप चालू करतो आणि अडीच बारला बंद करतो. २४ लिटरच्या टाकीत हवा बरोबर भरलेली असेल तर या दोन दाबांच्या मध्ये टाकी सुमारे ६ लिटर पाणी देते. म्हणजे पंप एकदा चालू झाल्यापासून पुन्हा चालू होईपर्यंत घरातून ६ लिटर पाणी कुठंतरी गेलेलं असतं. वीस मिनिटांत ६, तासाला १८. रात्री दहा ते पहाटे सहा या आठ तासांत १४४ लिटर.

एवढं पाणी गळलं असतं तर फरशी ओली झाली असती, भिंतीला ओल आली असती, छताचा गिलावा फुगला असता. तुमच्याकडं कुठंच ओल नाही. संडासाच्या फ्लश टाकीतून जाऊ शकतं, ते कसं तपासायचं तेही सांगतो. पण फ्लश गळून सोलरचं पाणी कोमट होत नाही. आता हेच १४४ लिटर गार पाणी २०० लिटरच्या सोलर टाकीत मिसळलं असं धरा. संध्याकाळी टाकीत ६० अंशांचं पाणी असेल आणि नळाचं २२ अंशांचं, तर सकाळपर्यंत टाकी ४० अंशांच्या आसपास येते. कोमट! सोलरच्या ट्यूबा चांगल्या आहेत, दिवसा पाणी व्यवस्थित तापतंय, तापलेलं पाणी रात्री वाहून जातंय.

जातं कुठं? गच्चीवरच्या साध्या टाकीत परत. सोलरला गार पाणी ज्या पाईपनं खालून येतं, त्याच पाईपनं ते उलटं वर टाकीत चढतं. टाकीतलं पाणी पंप ओढतो, बाथरूममध्ये पाठवतो, मिक्सरमधून ते गरम लाईनमध्ये घुसतं, सोलरमध्ये जातं आणि तिथून पुन्हा टाकीत. थेंब वाया जात नाही, म्हणून पाणीपट्टी वाढत नाही आणि कुणाला संशयही येत नाही. वीज आणि ऊन तेवढं वाया जातं. सोलरच्या गार पाण्याच्या तोंडाला कुणी एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, बसवला असेल तर पाण्याला ती वाट मिळत नाही. मग ते व्हेंट पाईपमधून गच्चीवर सांडतं. पहाटे गच्चीवर सोलरच्या पायाशी ओल दिसते का, एवढं बघा.

हे घडतं कारण तुमच्या घरात गार आणि गरम पाण्याचा दाब आता सारखा राहिलेला नाही. पाण्याची उंची १० मीटर असेल तर तळाला साधारण १ बार दाब मिळतो. तुमच्या वरच्या बाथरूमच्या नळापासून टाकीतलं पाणी फार तर तीन-चार मीटर वर असेल. म्हणजे गरम पाण्याला ०.३ ते ०.४ बार. गार पाण्याला पंपाचे दीड ते अडीच बार. मिक्सरमध्ये या दोन लाईनी एकत्र येतात. पुढचं तोंड उघडं असलं तर दोन्ही पाणी बाहेर पडतं. पुढचं तोंड बंद आणि मिक्सर मात्र उघडा राहिला, की जोराचं पाणी कमजोर लाईनमध्ये शिरणारच.

मिक्सर असा उघडा राहतो कसा, ते प्रत्यक्ष बघा. बाथरूममध्ये हँड शॉवर आहे आणि त्याच्या मुठीवर बंद करायचं बटण आहे. मुलं अंघोळ झाली की ते बटण दाबतात, शॉवर थांबतो, आणि मुलं बाहेर. मिक्सरचे गार-गरम दोन्ही कान उघडेच राहिलेले असतात. एकाच दांड्याचा मिक्सर असेल तर दांडी मधोमध, वर उचललेलीच. शॉवरमधून थेंब पडत नाही, त्यामुळं बंद केलंय असंच वाटतं. रात्री झोपायच्या आधी बाथरूममध्ये जाऊन हे डोळ्यांनी बघा. मी ज्या घरांत अशा तक्रारीसाठी गेलोय, तिथं बहुतेक वेळा मुठीच्या बटणाचा हँड शॉवर सापडलाय. जेट स्प्रे मिक्सरवरून घेतला असेल तर तोही याच भानगडीतला.

दुसरी जागा म्हणजे मिक्सरचं कार्ट्रिज, पाणी सोडणारा-अडवणारा आतला सुटा भाग. एकाच दांड्याच्या मिक्सरमध्ये आत चिनीमातीच्या चकत्या असतात आणि त्यांच्याखाली रबरी रिंगा. पाण्यातल्या वाळूच्या कणानं चकती ओरखडली किंवा रिंग कापली गेली, तर बाहेर थेंबही न पडता आतल्या आत गार-गरम एकत्र होतं. तिसरी जागा प्लंबर लोक विसरतात. सोलरचं पाणी संपलं तर गरम लाईनला गार पाणी मिळावं म्हणून काही घरांत दोन लाईनींच्या मध्ये जोड देऊन एक व्हॉल्व्ह ठेवलेला असतो, गच्चीवर किंवा गीझरच्या मागं. तो अर्धवट उघडा असेल किंवा आतून झिजला असेल, तरी परिणाम हाच. कधी कधी त्या व्हॉल्व्हची मूठही काढून ठेवलेली असते आणि घरच्यांना तो आहे हेच माहीत नसतं. त्यामुळं गच्चीवरचे पाईप एकदा हातानं माग काढत बघा.

आज रात्री करायची परीक्षा सोपी आहे, पाना लागत नाही. आधी गीझरचं बटण बंद करा. हे पहिलं, चुकवू नका. मग गच्चीवर जाऊन सोलरमधून घरात येणाऱ्या गरम लाईनचा बॉल व्हॉल्व्ह बंद करा. व्हेंट पाईपला आणि सोलरच्या गार पाण्याच्या व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. पंप चालूच ठेवा. पंप रात्रभर गप्प राहिला तर माझा अंदाज बरोबर. सकाळी व्हॉल्व्ह उघडा, पाणी किती गरम आहे ते हाताला लगेच कळेल. मग दुसऱ्या रात्री गच्चीवरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून एकेका बाथरूमच्या मिक्सरखालचा गरम बाजूचा अँगल कॉक बंद करत जा. ज्याला बंद केल्यावर पंप थांबतो, तो मिक्सर दोषी. भिंतीतला डायव्हर्टर (भिंतीत गाडलेला शॉवरचा मिक्सर) असेल तर त्याला बाहेर कॉक नसतो. तिथं हात लावून बघावं लागतं. गरम नळ दोन मिनिटं सोडा, मग सगळं बंद करा. दहा मिनिटांनी बेसिनखालच्या किंवा गीझरजवळच्या उघड्या गरम पाईपला हात लावा. बाकीच्या ठिकाणी पाईप अजून गरम आणि एकाच ठिकाणी तो थंडगार झाला असेल, तर गार पाणी तिथून शिरतंय.

मुलांची सवय हे कारण निघालं तर खर्च काहीच नाही. मुठीचं बटण दाबायच्या आधी मिक्सर बंद करायचा, इतकंच. कार्ट्रिज गेलं असेल तर ते बदलून मिळतं, अख्खा मिक्सर बदलायची गरज नसते. जुनं कार्ट्रिज काढून हातात घेऊन दुकानात जा, कारण व्यासात आणि खालच्या भोकांत फरक असतो.

पाणी उलटं जाऊच नये म्हणून गरम लाईनवर एनआरव्ही बसवता येतो, आणि बरेच प्लंबर तो बसवून मोकळे होतात. दोन गोष्टी सांभाळा. तुमच्या गरम पाण्याला दाब मुळातच ०.३-०.४ बार. त्यावर कडक स्प्रिंगचा एनआरव्ही टाकला तर स्प्रिंग उघडायलाच बराच दाब खर्ची पडतो आणि गरम पाणी करंगळीएवढं येतं. गुरुत्वानं येणाऱ्या लाईनला हलक्या झडपेचा, झुलत्या पत्त्याचा एनआरव्ही घ्यायचा. आडव्या पाईपवर, झाकण वरच्या बाजूला, बाण पाण्याच्या दिशेनं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमचा गीझर याच लाईनवर आहे. पाणी २० अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापलं की जवळपास पावणेदोन टक्के फुगतं. २५ लिटरच्या गीझरमध्ये ते जवळजवळ अर्धा लिटर होतं. आज हे फुगलेलं पाणी मागं सोलरकडं सरकतं. एनआरव्ही बसला की ती वाट बंद. मग ते गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधूनच बाहेर पडायला पाहिजे. गीझर तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडले तर ते योग्यच आहे. थेंब पडतात म्हणून त्याचं तोंड टेप लावून किंवा प्लग ठोकून बंद करायचं नाही. एनआरव्ही बसवणाऱ्याकडून सेफ्टी व्हॉल्व्ह तपासून घ्या. गंजून चिकटलेला असेल तर आधी तो बदला.

माझं मत विचाराल तर पक्का इलाज निराळा आहे. अंघोळीच्या ठिकाणी गार आणि गरम पाणी एकाच उंचीवरून, सारख्या दाबानं आलं पाहिजे. मंगळवार पेठेतल्या किंवा राजारामपुरीतल्या जुन्या घरांत, जिथं सोलर आणि गार पाणी दोन्ही गच्चीवरच्या एकाच टाकीवरून पंपाविना येतं, तिथून ही तक्रार मला कधी आलेली नाही. पंपाची लाईन वॉशिंग मशीन, फ्लश आणि जेटपुरती ठेवा आणि बाथरूमच्या मिक्सरला गार पाणी थेट टाकीवरून द्या. शॉवरचा जोर कमी होईल, पण गार-गरम नीट मिसळेल, जे आत्ता होत नसणार. दोन्हीकडं जोर हवाच असेल तर गरम लाईनलाही पंप लागतो, आणि तो गरम पाण्यासाठी बनवलेलाच पाहिजे. उन्हाळ्यात ट्यूबच्या सोलरमधून ८० अंशांचं पाणी येऊ शकतं. साध्या पंपाचं सील त्यात टिकत नाही. पंपाचं पाणी सोलरच्या टाकीतून फिरवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तुमची टाकी बिनदाबाची आहे, पत्रा पातळ असतो.

यावरून व्हेंट पाईपबद्दल सांगतो. व्हेंटमधून पाणी सांडतंय म्हणून एका घरात कुणीतरी त्यात लाकडी खुंटी ठोकली होती. तिथंही पंपाचं पाणी असंच उलटं जात होतं. खुंटी ठोकल्यावर सांडणं थांबलं, पण टाकीला श्वास घ्यायला जागा उरली नाही. सकाळी सगळ्यांच्या अंघोळी एकापाठोपाठ झाल्या, गरम पाणी झपाट्यानं बाहेर गेलं, आत पोकळी झाली आणि आतला पत्रा आत ओढला जाऊन दुमडला. टाकी गेली. उलट बाजूनंही तेच : वाफेला वाट नाही मिळाली तर टाकी फुगते, शिवण फाटते. व्हेंटचं तोंड नेहमी उघडं आणि वरच्या टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच पाहिजे. त्यात चिमणीचं किंवा गांधीलमाशीचं घरटं नाही ना, हे वर्षातून एकदा बघत जा.

आता धप्प. वाहतं पाणी एकदम अडलं की त्याचा सगळा जोर पाईपवर येतो. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून १८९८ मध्ये याचं गणित मांडलं. सेकंदाला १ मीटर वेगानं जाणारं पाणी लोखंडी पाईपमध्ये क्षणात थांबलं तर दाब जवळपास १२ ते १३ बारनं उसळतो. प्लास्टिकचा पाईप थोडा ताणला जातो, म्हणून त्यात तो निम्म्याहून कमी असतो, पण तोही चार-पाच बार. तुमच्याकडं पंप बंद झाला की पाईपातलं पाणी क्षणभर पुढं जातं, मग उलटं फिरतं, आणि पंपाच्या तोंडाशी असलेल्या एनआरव्हीचा पत्ता उशिरा, जोरात आपटतो. तोच दणका. इथं, पंपाच्या बाजूला, स्प्रिंगचा एनआरव्ही हवा, कारण पाणी उलटं फिरायच्या आत स्प्रिंग त्याला बंद करते. म्हणजे गरम लाईनला पत्त्याचा आणि पंपाला स्प्रिंगचा. दोन्हीकडं एकच प्रकार बसवून ठेवलेला मी नेहमी बघतो आणि मग एकीकडं पाणी कमी, दुसरीकडं दणका.

लाल टाकीतली हवाही तपासा. पंपाची वीज बंद करा, जवळचा नळ सोडून लाईनमधलं सगळं पाणी जाऊ द्या, मग टाकीच्या टोकावरची टोपी काढा. आत मोटरसायकलच्या ट्यूबला असतो तसलाच वॉल्व्ह असतो. त्याची पिन नखानं दाबा. पाणी आलं तर आतला रबरी फुगा फाटलाय, तो किंवा टाकी बदलावी लागेल. नुसती हवा आली तर पंक्चरवाल्याकडचा गेज लावा. पंप दीड बारला चालू होत असेल तर हवा १.३ बार, म्हणजे गेजवर सुमारे १९ पीएसआय, पाहिजे. कमी असेल तर सायकलच्या पंपानं भरा. हवा अजिबात नसती तर पंप दर काही सेकंदांनी खाड-खाड चालू-बंद झाला असता. तुमचा वीस मिनिटांनी होतोय, म्हणून टाकी बरी असावी. पण भरून घ्यायला पाच मिनिटं लागतात.

सासऱ्यांच्या खोलीवरचा पंप मात्र हलवाच. स्लॅब आवाज फार लांबवर नेतो. रात्री रस्ता शांत असतो, पंखाही थंडीत बंद असतो, त्यामुळं दिवसा न जाणवणारी घुरघुर थेट उशीखाली आल्यासारखी वाटते. पाईप लांबवून पंप जिन्याच्या टोपीच्या भिंतीकडं नेता आला तर उत्तम. नाहीच जमलं तर पंपाच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे टाका, उद्यमनगरात मशिनच्या पायाला घालतात तसले. बोल्ट स्लॅबमध्ये घट्ट आवळू नका, नाहीतर रबर असून नसल्यासारखं. पंपाच्या दोन्ही बाजूंना हातभर विणलेला फ्लेक्सिबल होज घाला, म्हणजे थरथर पाईपातून भिंतीत उतरणार नाही. पाईप भिंतीतून जिथं आत शिरतो तिथं सिमेंटनं पॅक केलेला असेल तर ते खरवडून काढा आणि त्या जागी फोम भरा.

टकटकीचं कारण आकसणं. सीपीव्हीसीचा (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकचा) १० मीटर पाईप ६० अंशांवरून २५ अंशांवर आला की दोन सेंटिमीटरहून जास्त आखूड होतो. तेवढाच जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाईप चार मिलिमीटर. भिंतीत, क्लॅम्पमध्ये, एल्बोपाशी तो अडकलेला असतो. ताण साठतो, मग पाईप कणभर सुटतो, की एक टक. पुन्हा अडकतो, पुन्हा सुटतो. तुमच्याकडं शेवटची अंघोळ किंवा भांडी दहाच्या आसपास होत असणार. एरवी पाईपात थांबलेलं पाणी हळूहळू निवलं असतं आणि आवाज तुरळक, लांबवर पसरला असता. इथं मागून गार पाण्याचा लोंढा येतो, पाईप झपाट्यानं थंड होतो, म्हणून सगळ्या टका अर्ध्या तासात. मिक्सरचं काम झाल्यावर ही टकटक आपोआप बरीच कमी होईल, आणि तोवर भिंत फोडायला कुणाला देऊ नका. भिंतीतली टकटक घराला अपाय करत नाही.

उरलीच तर उघड्यावरचे पाईप बघा. गच्चीवरून खाली येणाऱ्या गरम पाईपचे क्लॅम्प पाईपला करकचून धरत असतील तर ते सैल करा. क्लॅम्पनं पाईपचं वजन पेलायचं, पाईपला पुढं-मागं सरकू द्यायचं. मध्ये पाईप इन्सुलेशनच्या काळ्या फोमचा तुकडा घाला. सीपीव्हीसीला तेल, ग्रीस लावू नका आणि साधी मऊ पीव्हीसीची पट्टीही गुंडाळू नका. त्यातल्या तेलकट द्रव्यानं पाईप कालांतरानं तडकतो. सरळ लांब धाव असेल तर मध्ये चार एल्बो घालून यू आकाराचा वळसा द्यावा, आकसण्याला तिथं वाव मिळतो. उन्हात उघडा असलेला सीपीव्हीसी पाण्यात कालवायच्या रंगानं रंगवून घ्या, ऑइल पेंटनं नको.

फ्लशची परीक्षा राहिली. रात्री झोपताना फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग चमचाभर टाका, फ्लश करू नका. वीस मिनिटांनी भांड्यातल्या पाण्यात रंग उतरला असेल तर खालचं रबरी सील गेलंय. सोलरचा व्हॉल्व्ह बंद केल्यावरही पंप चालूच राहिला तर हे पहिल्यांदा करा.

गीझर चालू असताना त्यातून उकळल्यासारखा गडगड आवाज येत असेल तर आत क्षार साचलाय. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत हे लवकर होतं, नळाच्या पाण्यावर उशिरा. हीटिंग कॉइल काढून साफ करून घ्यायची. तुमचा आवाज तो नाही.

कामाचा क्रम सांगतो, कारण सगळं एकदम केलं तर कशामुळं बरं झालं ते कळत नाही आणि पैसे जास्त जातात. आज रात्री गीझर बंद, सोलरचा गरम व्हॉल्व्ह बंद. दर वेळी पंप कधी चालू झाला ती वेळ मोबाईलवर टिपून ठेवा. सासरे जागेच असतील तर त्यांनाच सांगा, ज्याला ऐकू येतं त्याची नोंद खरी असते. मिक्सर सापडला की तो दुरुस्त करा आणि दोन-तीन रात्री जाऊ द्या. त्यानंतर पंपाचा एनआरव्ही आणि टाकीची हवा. मग पंपाची जागा. पाईपचे क्लॅम्प सगळ्यात शेवटी. प्लंबरला बोलवाल तेव्हा 'आवाज येतो' एवढंच न सांगता वेळांचा कागद हातात द्या आणि सोलरचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर काय झालं ते सांगा. व्हॉल्व्ह बंद करून आणि फ्लश तपासूनही पंप वीस मिनिटांनीच चालू होत असेल, तर गार लाईनची गळती जमिनीखाली असू शकते. बागेच्या नळाची आणि खालच्या टाकीकडं जाणारी लाईन वेगळी बंद करून बघायची, आणि त्या वेळा मला कळवा.